लोकरीने पेललेलं छत

काकूंना विणता येत नव्हतं आणि शिकायची हौसही नव्हती. एकतीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये लोकांच्या तारा जोडून झाल्यावर निवृत्तीत आणखी काही जोडत बसायचा त्यांना कंटाळा होता. त्यांना लोकर जमवायला आवडायचं, बस. नवी लडी आणली की ती गालाला लावायची, हुंगायची, चिठ्ठीवर तिच्या रंगाचं नाव लिहायचं, म्हणजे 'ओरडा खाल्लेल्या मुलाचे कान' किंवा 'तिसऱ्या दिवशीचा चिखल', आणि मागच्या खोलीत ठेवून द्यायची. बावीस वर्षांत ती खोली जमिनीपासून छतापर्यंत गच्च भरली. मधे अरुंद बोळ तेवढा उरला होता. त्यातून काकू सरळ जात आणि काका आडवे.

दर गुरुवारी त्यांच्याकडे गुंडा मंडळ भरे. लोकरीचे गुंडे जमवणाऱ्यांचं मंडळ म्हणून हे नाव शाळेतून निवृत्त झालेल्या भूगोलाच्या बाईंनी सुचवलं, आणि ते दारावर लावल्याच्या पहिल्याच आठवड्यात शेजाऱ्यांनी दोनदा पोलिसांना फोन केला. बाकीचे सभासद म्हणजे दातांचे डॉक्टर आणि एक बसचालक. बसचालकाला फक्त करडा रंग आवडायचा, पण त्याच्याकडे एकशे चाळीस करडे होते आणि तो ते अंधारातही ओळखायचा. मंडळात सगळे एकमेकांची लोकर हातात घेत, "अहाहा" म्हणत आणि परत देत. डॉक्टर त्याआधी कोपरापर्यंत हात धूत.

एका सोमवारी वरच्या मजल्यावरच्या वेटलिफ्टिंगच्या कोचने हातातलं वजन खाली टाकलं. तो ते रोजच टाकायचा. पण त्या दिवशी "धाड" न होता "फुस्स" झालं. कोच पांढराफटक पडून खाली आला.

"काकू, माझी जमीन मऊ झालीय."

सोसायटीने इंजिनिअर बोलावला. उंच, किडकिडीत, भिंतीला आधी टकटक करून मग कान लावणारा गृहस्थ. लोकरीच्या बोळात तो तासभर होता. बाहेर आला तेव्हा त्याच्या केसांत गुलाबी धागा अडकला होता.

"तुळई मधोमध तुटलीय," तो म्हणाला.

"कधी?" काकांनी विचारलं.

"सात-आठ वर्षं तरी झाली असतील."

"मग वरचं घर उभं कशावर आहे?"

इंजिनिअरने एक गुंडा बोटाने दाबून पाहिला. "यावर."

कोच हळूच खुर्चीत बसला.

"हे शास्त्रात बसत नाही," इंजिनिअर म्हणाला, "पण छतही बसलेलं नाही. तेव्हा आपण शास्त्राला जरा थांबायला सांगू."

त्याने दारावर नोटीस चिकटवली: 'आधारभूत लोकर. हात लावू नये.' लोखंडी टेकू यायला तीन महिने लागणार होते. सोसायटीच्या सभेत लोकरीच्या आभाराचा ठराव मांडला गेला, आणि बावीस वर्षं "हा पसारा फेकून दे" म्हणणाऱ्या काकांना त्याला अनुमोदन द्यावं लागलं. त्यांनी ते छताकडे बघत दिलं.

काकू दोन-तीन दिवस मान ताठ ठेवून जिन्यावरून वर-खाली करत होत्या. मग रविवार आला. रविवारी त्या लोकर काढायच्या, वारा द्यायच्या, कुरवाळायच्या. आता दारात नोटीस होती. खालच्या ओळीत, पार कोपऱ्यात, त्यांची सगळ्यात पहिली लडी होती. फिकट हिरवी, 'आईच्या साबणाची वडी'. तिचा बोटभर तुकडा बाहेर दिसत होता. काकू स्टूल घेऊन त्या तुकड्यासमोर बसून राहिल्या. जेवणावरचं त्यांचं मन उडालं.

इंजिनिअर दर बुधवारी मापं घ्यायला यायचा. चौथ्या बुधवारी काकूंनी त्याला गाठलं.

"एकच लडी काढू द्या हो."

"काकू, त्या लडीवर कोच उभा आहे."

"मग त्याला म्हणावं, जरा बाजूला उभा राहा!"

इंजिनिअरने वहीत बराच वेळ आकडेमोड केली. शेवटी म्हणाला, "जेवढी बाहेर तेवढीच आत गेली, आणि तेवढ्याच जाडीची गेली, तर खालपर्यंत पोचता येईल. पण इतकी लोकर आणणार कोण?"

हे विचारायलाच नको होतं. गुरुवारी भूगोलाच्या बाई दोन ट्रंका घेऊन आल्या. डॉक्टरांनी दवाखान्याला कुलूप घातलं. बसचालकाची करडी लोकर 'राखीव' अशी पाटी लावलेल्या बसमधून आली. कोच म्हणाला, "मला वर बसवणार नाही," आणि स्टुलावर उभा राहून दोन्ही तळहातांनी छत धरून राहिला. त्याचा काही उपयोग नव्हता, पण त्याला ते सांगायला कोणी धजावलं नाही.

"चारपदरी बाहेर! चारपदरी आत!" इंजिनिअर ओरडत होता. "दोनपदरी कोणी घुसवली? डॉक्टर, ती काढा आधी!"

असं सहा तास चाललं. अखेर हिरवी लडी काकूंच्या हातात आली. त्यांनी ती गालाला लावली आणि डोळे मिटले. गालावरून पाणी वाहायला लागलं.

"दुखलं का?" डॉक्टरांनी सवयीने विचारलं.

काकूंनी मान हलवली. हो की नाही, ते कोणाला कळलं नाही.

आता काकूंची लोकर दिवाणखान्यात होती आणि बाकीच्या तिघांची छताखाली अडकली होती. व्हायचं तेच झालं. शनिवारी सकाळी डॉक्टर घरून स्टूल घेऊनच आले. बाई दुपारी येऊ लागल्या. बसचालक तर खिडकीखाली बस उभी करायचा, प्रवाशांना "पाच मिनिटं, घरचं माणूस अडकलंय," असं सांगून वर यायचा, आपल्या करड्यांकडे बघायचा आणि जायचा. पुढे पुढे काही प्रवासीही वर येऊन बघून जाऊ लागले. काका सगळ्यांना चहा देत होते. लोकरीच्या ढिगाखाली त्यांचा पलंग हरवला होता, म्हणून ते स्वयंपाकघरात झोपत. बायकोवर ओरडायची सोय मात्र राहिली नव्हती, कारण घरात सतत पाहुणे.

टेकू आले. ते उभे राहिले, लोकर बाहेर निघाली, छत जिथल्या तिथे राहिलं. मग वाटणी सुरू झाली. डॉक्टर आणि बाई एका जांभळ्या गुंड्यावरून दोन दिवस अबोला धरून होते. शेवटी सगळं ज्याचं त्याला मिळालं, आणि एक पिवळा गुंडा उरला.

"हा कोणाचा?" बाईंनी विचारलं.

कोणाचाच नव्हता. मग काकूंचं लक्ष इंजिनिअरकडे गेलं. तो कानापर्यंत लाल झाला होता.

"त्या कोपऱ्यात मला जरा पोकळी वाटली होती," तो पुटपुटला. "म्हणून दुकानात गेलो. तिथे हा दिसला. सुरक्षेचा प्रश्न होता हो."

"दुकानात किती वेळ होतात?" काकूंनी विचारलं.

"दोन तास."

काकूंनी सतरंजीवर सरकून त्याला जागा दिली.

मागची खोली आता चार लोखंडी खांब सोडले तर रिकामी होती. काकांनी हट्टाने पलंग तिथे नेला. बावीस वर्षांनी मिळालेल्या खोलीत ते दुपारी ऐसपैस पसरले. अर्ध्या तासात उठून बाहेर आले.

"काय झालं?" काकूंनी विचारलं.

"फार घुमतं. नुसता खोकलो तरी चौघं खोकल्यासारखं वाटतं." ते ढिगापाशी जरा घुटमळले. मग त्यांनी दोन्ही हातांत मावतील तेवढ्या लड्या उचलल्या. "यातली कुठली खाली ठेवायची आणि कुठली वर, तेवढं सांग."