मेंढीने चाटलेला माईक

सकाळी साडेसात वाजता पालीच्या वरच्या धनगरवाड्यावर एका मेंढीने मला चाटायला सुरुवात केली. चित्रीकरण थांबले.

मित्रांनो, मी एक जुना माईक आहे. काळा, नळीसारखा लांबट. पुण्यातल्या एका स्टुडिओने मोडीत काढल्यावर मला सौदामिनीने घेतले. ती भोरची. कचेरीतून रजा काढून चित्रपट करते. तिच्या चित्रपटांत संवाद नसतात, त्यामुळे सगळा भार माझ्यावर. पहिला चित्रपट भोरच्या एसटी स्टँडवरचा. एका परीक्षकाने त्यातल्या आवाजाची स्तुती केली, त्या दिवशी तिने मला मऊ फडक्याने पुसले. दुसरा विंझरच्या विहिरीवरचा. तो गावात दाखवला, तेव्हा शेवटी फुलाबाई नावाच्या आजींनी विचारले, "बाई, जाहिरात झाली. आता पिक्चर कवा?" त्यानंतर मी बराच काळ कपाटात होतो.

तिसऱ्यासाठी आम्ही म्हादू आणि भागूबाई या मेंढपाळ नवरा-बायकोच्या वाड्यावर आलो. वाऱ्याची फडफड आवाजात येऊ नये म्हणून मला केसाळ टोपडे घालतात. ते कुत्र्याने ससा समजून पळवले. त्याच दिवशी एक कोकरू मेले होते. भागूबाईंनी त्याच्या कातड्याचे टोपडे मला शिवून दिले. "घ्या ताई, तुमच्या बाळाला!"

ती मेंढी त्या कोकराची आई. माझ्या अंगाला त्याचा वास होता.

शेजारी दुसरे एक कोकरू पडले होते. त्याची आई रात्री मेली होती. बाटलीला ते तोंड लावत नव्हते आणि ही मेंढी त्याला ढुशी देऊन लोटत होती. वाड्यावरची रीत अशी, की मेलेल्या कोकराचे कातडे पोरक्याच्या पाठीवर बांधायचे. वासाला फसून मेंढी पाजते. पण ते कातडे माझ्याकडे होते. चित्रपटाचे शेवटचे दृश्य राहिले होते: मेंढरे डोंगराची धार ओलांडतात, घंटांचा आवाज विरत जातो. भाड्याचा कॅमेरा संध्याकाळी परत द्यायचा होता.

"आदी तुमचं उरकून घ्या ताई," म्हादू म्हणाले.

"अन् तवर ते जगतंय व्हय?" भागूबाई उसळल्या.

"अगं, त्यांचा पिक्चर..."

"पिक्चरला दूद लागत न्हाई."

सौदामिनीने माझ्या टोपड्याचे टाके उसवले.

मेंढीने कोकराला हुंगले, पुन्हा हुंगले आणि ती उभी राहिली. कोकरू लुचू लागले. नंतर धारेवर मी उघडाच होतो. घंटा वाजत होत्या, माझ्यात उतरला तो बहुतेक वारा.

मित्रांनो, जुन्या माईकला वाऱ्यापासून जपावे. पण त्याचे पांघरूण दुसऱ्या कुणाला जास्त हवे असेल, तर टाके उसवायला लाजू नये.

चित्रपट महोत्सवाकडे पाठवायची मुदत रविवारी संपते. शेवटचे दृश्य ठेवायचे की काढायचे, हे सौदामिनीने ठरवलेले नाही. काल म्हादूंनी धारेवर चढून फोन केला होता. "पितंय. उद्या कातडं काढून बगतो, मेंढी जवळ घेती का ते."

आज सकाळपासून सौदामिनी फोन लावते आहे. वाड्यावर रेंज नाही.