कडी नीट लागली नाही तेव्हा

मित्रांनो, मी पितळेचा एक जुना डबा आहे, आणि हे मी ताठ मानेनं सांगतो. अंगावर चार पोचे आहेत, ते असू द्या. तुमच्या प्लॅस्टिकच्या डब्यांना नुसतं झाकण असतं, मला झाकणावर कडी आहे. तांबटानं मला ठोकून घडवलं तेव्हा त्या कडीसाठीच त्याचा निम्मा दिवस गेला होता. पार्वतम्मांच्या लग्नात मी अक्कलकोटहून सोलापुरात आलो. आता त्या भवानी पेठेत बालवाडी चालवतात आणि मी त्यांच्या टेबलावर बसतो. दरवर्षी मला आतून कल्हई होते, त्यामुळे माझं पोट चकचकीत आहे.

त्या पोटात शेंगदाण्याचे लाडू असतात. अकरा वाजले की पार्वतम्मा मला मुलांपुढे ठेवून विचारतात, "आत्ता एक, न्हायतर घरी जाताना दोन. बोला, काय पायजे?"

मग जी गंमत चालते ती मी सगळ्यात जवळून पाहतो. कुणी स्वतःच्या हातांवर बसून राहतं, कुणी माझ्याकडे पाठ करतं. बसू नावाचा मुलगा तर डोळे गच्च मिटून गाणं म्हणतो. तीन वर्षांची मुलं बहुधा लगेच हात पुढे करतात, पाच वर्षांची जरा दम धरतात. पण जो थांबला त्याला दोन मिळालेच. माझ्यापाशी दिलेला शब्द कधी खोटा पडला नाही, असं मी छाती फुगवून सांगायचो.

सांगायचो म्हणालो, कारण एकदा तो पडला.

सिद्धेश्वरी साडेचार वर्षांची. तिची आई जवळच्याच कारखान्यात टॉवेल शिवते. पोरगी नेहमी लगेच खाणाऱ्यांतली, पण त्या दिवशी पहिल्यांदाच ती थांबली. बाकी सगळ्यांनी आपापला एकेक लाडू केव्हाच संपवला होता. वेणीचं टोक चावत ती एकटी दोन तास माझ्याकडे बघत राहिली. जाताना पार्वतम्मांनी मला उघडलं, तर आत मुंग्या. घाईत कडी अर्धीच लागली होती. मला ते कळत होतं, पण डब्याला बोलता कुठे येतं?

"उद्या देते गं. दोन काय, तीन देते," पार्वतम्मा म्हणाल्या. पण दुसऱ्या दिवसापासून गड्ड्याच्या यात्रेची सुट्टी लागली आणि सुट्टीनंतर त्या विसरून गेल्या. सिद्धेश्वरी विसरली नाही. तिनं मागितलं मात्र नाही.

त्यानंतर प्रश्न पुरा व्हायच्या आत तिचा हात माझ्या पोटात असायचा. पुढे ती खडूसाठी थांबेना, झोक्यासाठी थांबेना. "नंतर" हा शब्द ऐकला की रडू लागायची. मुलं तिला हावरी म्हणू लागली. एकदा तिला न्यायला आलेली आई काळजीनं म्हणाली, "बाई, मोठ्या शाळेत कसं हुणार हिचं? लई हावरी झालीय."

सिद्धेश्वरी मान खाली घालून म्हणाली, "मी हावरीच हाय."

मित्रांनो, ते मला फार लागलं. चूक माझ्या कडीची होती, आणि नाव त्या पोरीला पडलं होतं.

त्याच आठवड्यात पार्वतम्मांची भाची आली. डॉक्टर संस्कृती, सात रस्त्याजवळ तिचा लहान मुलांचा दवाखाना आहे. सगळं ऐकून तिनं कपाळाला बोट लावलं. "मावशी, माणसाला थांबायला लावणारा मेंदूचा भाग इथं कपाळामागं असतो. तो सगळ्यात सावकाश वाढतो, अगदी पंचविशीपर्यंत. साडेचार वर्षांच्या पोरीकडून किती मागशील? आणि थांबल्यावर तिला कधी काही मिळालं का?"

पार्वतम्मांनी माझ्या कडीवरून बोट फिरवलं आणि त्यांना त्या मुंग्या आठवल्या.

दुसऱ्या दिवशी त्या सगळ्या मुलांदेखत सिद्धेश्वरीपुढे जमिनीवर बसल्या. "त्या दिवशी तू थांबली हुतीस. चूक माझी हुती. हे घे तुझे तीन." तिनं तिन्ही लाडू उभ्या उभ्या खाल्ले, आणि त्या दिवसाचा चौथाही लगेच मागून घेतला.

मग पार्वतम्मांनी वाट छोटी केली. आधी दहा म्हणेपर्यंत थांबायचं. दहा झाले की दोन लाडू हातात. पुढे एक गाणं होईपर्यंत, मग सगळ्यांचे हात धुऊन होईपर्यंत. मध्ये चार दिवस ती पुन्हा लगेच खाऊ लागली, पण तिला कुणी काही बोललं नाही. मीही माझं काम चोख केलं. पार्वतम्मा रोज कडी लावून दोनदा ओढून बघायच्या.

उन्हाळ्याच्या सुट्टीआधी एकदा घरी जाताना तिचे दोन लाडू बाहेर आले. तिनं ते हातात घेतले, वास घेतला, आणि परत माझ्या पोटात ठेवले.

"उद्या आईला सुट्टी हाय. ती न्यायला आली की दोघी खाणार," ती म्हणाली. मग तिनं स्वतः कडी लावली आणि दोनदा ओढून बघितली.

मित्रांनो, आजवर माझं खूप कौतुक झालं, पण असा मान मला कुणी दिला नव्हता. दुसऱ्या दिवशी आईच्या हातावर लाडू ठेवून ती एवढंच म्हणाली, "मी थांबले हुते."

म्हणून सांगतो, घरात माझ्यासारखा जुना डबा असेल तर त्याला कल्हई करून घ्या, कडी सैल झाली तर ठोकून घ्या. आणि धाकट्या भावंडाला "नंतर देतो" म्हणालात, तर नंतर खरंच द्या. ते तुमच्या तेवढ्या एका शब्दावर थांबलेलं असतं.