बाहेरचं गोड

धोंडुबाईंनी खोक्याचं झाकण उघडलं, आत पाहिलं आणि खोका तसाच सुनेकडे सरकवला.

“न्हाय चालायचं ह्ये.”

राजारामपुरीपासून कसबा बावड्यापर्यंत प्रीतीने तो मांडीवर सांभाळून आणला होता. आत गुळाचे सहा कपकेक होते. तिचा नवरा अतुल जाऊन सात महिने झाले होते आणि तिला हे घर सोडून चार. भाड्याच्या गाळ्यात तिने छोटी बेकरी काढली होती. एवढ्या दिवसांत सासूचा एक फोन नाही. फोन तिनेही केला नव्हता, हेही खरंच. दोघी सारख्याच हट्टी.

घरातलं माणूस गेलं की वर्षभर त्या घरात गोडधोड करत नाहीत. दिवाळीचा फराळ बाहेरचे आणून देतात. सून म्हणून नाही, तर निदान बाहेरची म्हणून तरी उंबरा ओलांडता येईल, या हिशेबाने ती आली होती. हे घर आपलं उरलंय का, एवढंच तिला जाणून घ्यायचं होतं. विचारायचा धीर मात्र होत नव्हता.

शेजारच्या बयाबाई समोरच बसल्या होत्या. त्यांचा लाडवांचा डबा कट्ट्यावर मानाने विराजमान होता.

“अंडं घातलेलं न्हाय, आत्ती. गूळ पण ह्यांना आवडायचा त्योच हाय.”

“अंड्याचं कोण बोलतंय?”

“मग काकूंचे लाडू चालतात की!” प्रीतीचा आवाज फाटला. “माझंच तेवढं चालत न्हाय?”

बयाबाईंनी मान खाली घातली. प्रीतीने झाकण लावायला घेतलं. खाच काही केल्या बसेना.

“बया बाहेरची हाय,” धोंडुबाई म्हणाल्या. “तिनं आणल्यालं चालतंय. तू घरातली. सुनंनं गोड केलं म्हंजे घरात केल्यावानीच झालं की.”

प्रीतीचे हात झाकणावरच थांबले.

“दुकानात कर. त्यो धंदा हाय, त्याला कोण न्हाय म्हणतंय? पर ह्या घरात वरीस झाल्याबिगर न्हाय.”

मग त्यांनीच एक कपकेक काढला, कागद सोलला आणि बयाबाईंच्या हातावर ठेवला.

“तू खा. आन् नीट सांग.”

बयाबाईंनी घास घेतला. धोंडुबाई त्यांच्या तोंडाकडे टक लावून बघत राहिल्या. लेकाच्या आवडीची चव अशी का होईना, कळावी म्हणून त्यांचा जीव कासावीस झाला होता.

“कसं लागतंय?”

“मऊ हाय. गूळ कळतोय.”

“आन् वेलदोडा?”

“हाय की. वाईच जास्तच हाय.”

“जास्तच लागायचा त्याला,” धोंडुबाई हळूच म्हणाल्या.

उरलेल्या कपकेकचा खोका त्यांनी बयाबाईंच्या पिशवीत घातला. लाडवांचा डबा उघडला, एक लाडू बशीत फोडला आणि अर्धा प्रीतीपुढे सरकवला.

“खा. आपल्याला ह्योच चालतोय.”