न्यायाधीशांनी जीभ बघायला मागितली

नाटक कंपनीत प्रॉम्प्टरला नावानं हाक मारत नाहीत, कारण हाक मारली की तो ओ देतो आणि प्रेक्षकांना कळतं की विंगेत कुणीतरी बसलंय. म्हणून त्याला सगळे कुजबुज म्हणायचे. त्याची स्वतःची आईसुद्धा हल्ली फोनवर विचारायची, "कुजबुज आहे का?" आणि तो हळू आवाजात सांगायचा, "आहे."

कुजबुजनं भाषाशास्त्र घेतलं होतं. घरात या गोष्टीवर चर्चा एकदाच झाली. मावशीनं विचारलं, "म्हणजे किती भाषा येतात तुला?" तो म्हणाला, "ही एकच." मावशी म्हणाली, "मग त्यात शास्त्र कसलं?" हाच प्रश्न नंतर त्याच्या परीक्षकांनाही पडला. पुढे आईनं भावाला गळ घातली आणि मामांनी भाच्याला कंपनीत चिकटवून घेतलं. "बोलण्यातलं कळतं त्याला," मामांनी मालकांना सांगितलं होतं. मालकांनी त्याला विंगेत स्टूल दिलं.

मामा म्हणजे कंपनीचे न्यायाधीश. चालू नाटक कोर्टातलं होतं. एका घड्याळ दुरुस्त करणाऱ्यावर शेजाऱ्याची तिजोरी फोडल्याचा आळ येतो, सरकारी वकीलबाई त्याला धारेवर धरतात, शेवटी न्यायाधीश त्याला सोडून देतात. मामांनी फक्त उंच खुर्चीत बसायचं, हातोडा आपटायचा आणि निकाल द्यायचा. काम सोपं होतं. अडचण एवढीच, की मामा अलीकडे विसरायला लागले होते.

थोडंथोडकं नाही. मागच्या प्रयोगात त्यांना निकालच आठवेना. कुजबुजनं विंगेतून संवाद पुरवला, पण न्यायाधीशाची खुर्ची रंगमंचाच्या मधोमध आणि उंचावर, तिथवर कुजबूज पोचत नव्हती. त्यानं आवाज चढवला. मामांनी विंगेकडे बघितलं, हातोडा आपटला आणि गरजले, "कोण बडबडतंय तिकडे? बाहेर काढा त्याला." प्रेक्षक खूश झाले. शिपायाचं काम करणाऱ्या नटानं खरोखरच कुजबुजला दंडाला धरून बाहेर नेलं, कारण न्यायाधीशाचा हुकूम होता.

ही गोष्ट मालकांच्या कानावर गेली. आज ते स्वतः पहिल्या रांगेत येऊन बसले होते, आणि त्यांच्या शेजारी एक भारदस्त मिशीवाला नट होता. रंगपटात सगळ्यांनी पडद्याच्या फटीतून त्याला बघून घेतलं.

"बदली आणलाय," आरोपी म्हणाला. आरोपी म्हणजे घड्याळवाल्याचं काम करणारा.

"आज मामांचं काही चुकलं, तर उद्या मिशी खुर्चीत," वकीलबाई भुवया रंगवत म्हणाल्या. "कुजबुज, तुझे मामा कसे आहेत आज?"

"सकाळी मामींनी सांगितलं, कचऱ्याची गाडी आलीय. मामा म्हणाले, माझा गुडघा. मामी म्हणाल्या, काल नाचताना बरा होता."

"मी तब्येतीचं विचारलं."

"तेच सांगतोय. डोकं ठणठणीत आहे. बघा ना, गाडी, गुडघा आणि नाच. एकाचा दुसऱ्याशी काही संबंध आहे का? तरी तुम्हाला सगळं कळलं. मामींनी कचरा खाली न्यायला सांगितला, मामांनी सबब काढली, मामींनी ती सबब धुडकावली. वाक्य नुसतं काही सांगत नसतं, वकीलबाई, ते काहीतरी करत असतं. मागतं, टाळतं, धमकावतं, शब्द देतं. भाषिक कृती म्हणतात त्याला. एकानं काही केलं आणि दुसऱ्यानं त्याला साजेसं काही केलं, की बोलणं जुळतं. शब्दांची एकमेकांशी ओळख नसली तरी चालतं."

"म्हणजे मी स्टेजवर काहीही बोलले तरी चालेल?"

"बोला काहीही. करायचं तेच करा."

"तुझ्या परीक्षकांनी मार्क दिले याला?"

"दिले असते तर या स्टुलावर बसलो असतो का?"

नाटक सुरू झालं. पहिला अंक सुरळीत गेला, कारण त्यात मामा नव्हते. दुसऱ्या अंकाचा पडदा वर गेला तेव्हा मामा खुर्चीत होते, खांद्यावर काळा झगा, डोक्यावर पांढरा टोप, चेहऱ्यावर असा काही धीरगंभीर भाव की बघणाऱ्याला आपलेच गुन्हे आठवावेत. पहिली दोन वाक्यं अचूक आली. कुजबुजनं श्वास सोडला. तेवढ्यात आरोपीला ठसका लागला.

संहितेत ठसका नव्हता. आरोपीनं मध्यंतरात शेंगदाणे खाल्ले होते, त्यातला एक अडकला. तो खॉक खॉक करून खोकला. मामांनी त्याच्याकडे वळून बघितलं, आणि कुजबुज सावध झाला. कारण ती नजर न्यायाधीशाची नव्हती. मामांनी आयुष्याची बरीच वर्षं दुसऱ्या एका नाटकात डॉक्टरचं काम केलं होतं. कुजबुजचं बालपण ते संवाद ऐकण्यात गेलं होतं. त्या नाटकाची सुरुवातच पेशंटच्या खोकल्यानं व्हायची.

"कधीपासून होतंय हे?" न्यायाधीशांनी आरोपीला मायेनं विचारलं.

आरोपीच्या पुढच्या वाक्यात तिजोरीची किल्ली होती, आणि ती या प्रश्नाच्या कुठल्याच कुलपाला लागत नव्हती. त्यानं डोळ्यांच्या कोपऱ्यातून विंगेकडे बघितलं. आरोपीचा पिंजरा मात्र विंगेला अगदी खेटून होता.

कुजबुजच्या मांडीवरच्या संहितेत या प्रसंगासाठी एक अक्षर नव्हतं. मामांपर्यंत त्याचा आवाज पोचत नव्हता. आणि पहिल्या रांगेत मिशी थोडी पुढे झुकली होती. त्यानं संहिता मिटली.

"प्रश्न विचारलाय," तो कुजबुजला. "उत्तर दे. मग नाकार."

"लहानपणापासून होतंय, मायलॉर्ड," आरोपी म्हणाला. "पण तिजोरी मी फोडली नाही."

मामांनी मान डोलावली. पेशंट असं काहीबाही बोलतातच. मग ते पिंजऱ्यापाशी उभ्या असलेल्या वकीलबाईंकडे वळले. "आधी कुणाला दाखवलं होतं?"

"पुरावा मागताहेत," विंगेतून आलं. "हजर करा."

"पोलिसांना दाखवलं होतं, मायलॉर्ड," वकीलबाई डोळ्यांची पापणी न हलवता म्हणाल्या. "त्यांनीच आपल्याकडे पाठवलं."

"सगळे शेवटी माझ्याकडेच येतात," मामा म्हणाले. प्रेक्षकांत कुणीतरी टाळी वाजवली. कोर्टाबद्दल हे त्या माणसाचंही मत असावं.

कुजबुज स्टुलावरून उठला होता. आतापर्यंत त्यानं लोकांना वाक्यं पुरवली होती. आता तो वाक्यं नटांवरच सोडून नुसती कामं पुरवत होता. टाळ. कबूल कर. विरोध करा. शब्द दे. परीक्षेत जे त्याला चाळीस पानांत सांगता आलं नव्हतं, ते आता एकेका शब्दात बाहेर पडत होतं, आणि ऐकणारे मुकाट्यानं तसं करतही होते. परीक्षकांनी हे कधीच केलं नव्हतं.

साक्षीदार शेजारच्या पिंजऱ्यात आला. हा कंपनीतला सगळ्यात भित्रा नट. त्याला स्वतःचे संवाद पाठ असायचे, पण दुसऱ्याचे चुकले की त्याला घाम फुटायचा. मामांनी त्याला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं.

"जीभ बाहेर काढा."

साक्षीदाराच्या तोंडचं पाणी पळालं. जीभ काढावी तर कोर्टाचा अपमान, न काढावी तर हुकूम मोडला. तो विंगेकडे वळला.

"धमकी आहे," कुजबुज म्हणाला. "घाबर."

हे साक्षीदाराला मनापासून जमलं. "नको, मायलॉर्ड," तो हात जोडून म्हणाला, "खरं सांगतो. त्या दिवशी मी तिथं नव्हतोच. मला शेजाऱ्यानं पढवलं."

वकीलबाईंनी कपाळाला हात लावला, आणि तो अभिनय नव्हता. साक्षीदार फुटायचा होता तो तिसऱ्या अंकात, त्यांच्या प्रश्नांच्या भडिमारात, त्यांच्या आयुष्यातल्या सगळ्यात लांब भाषणानंतर. ते भाषण त्यांनी आरशासमोर घोटून घोटून बसवलं होतं. आता ते म्हणायला निमित्तच उरलं नव्हतं. शेजारी खोटा ठरला होता, आरोपी निर्दोष होता, आणि नाटक एका जिभेवर तिसरा अंक ओलांडून थेट निकालाशी येऊन उभं होतं.

"पडद्यावाल्याला सांगा, हाच शेवटचा अंक," कुजबुजनं शिपायाला सांगितलं. शिपाई पळाला.

आता एकच गोष्ट हवी होती. निकाल. बाकी सगळं कुणीही कसंही निभावून नेलं असतं, पण आरोपीला सोडणं हे काम न्यायाधीशाच्याच तोंडून व्हायला हवं. वकीलबाई म्हणाल्या 'जा' तर तो पळून गेला असं होईल, शिपाई म्हणाला तर लाच खाल्ली असं होईल. आणि न्यायाधीशाच्या तोंडाचा ताबा तर या घटकेला एका डॉक्टरकडे होता.

मामा खुर्चीवरून उतरले. संहितेत न्यायाधीश खुर्चीवरून उतरत नाही. ते सावकाश आरोपीच्या पिंजऱ्यापाशी आले आणि त्यांनी त्याचं मनगट हातात घेतलं. आरोपीला वाटलं, बेड्या. सगळ्या थिएटरला वाटलं, बेड्या. मामांनी डोळे मिटून थोडा वेळ नाडी बघितली. मागच्या रांगेत खुर्ची कुरकुरली, ती पुढे ऐकू आली. कुजबुज बोटं मोडत उभा होता. मामा आता अगदी हाताच्या अंतरावर होते, संवाद सहज कानात सोडता आला असता. पण मध्येच टोकलं तर ते परत "कोण बडबडतंय" म्हणतील, या भीतीनं त्यानं ओठ दाबून धरले.

मामांनी डोळे उघडले. मनगट सोडलं. आरोपीच्या खांद्यावर थोपटलं.

"आता घरी जायला हरकत नाही," ते म्हणाले.

थिएटरनं एकदम श्वास घेतला, आणि मग टाळ्या पडल्या. कडकडून पडल्या. संहितेतल्या निकालात कलमं होती, उपकलमं होती, 'सबब' हा शब्द दोनदा होता, आणि त्यावर आजवर कुणी टाळी वाजवली नव्हती. आरोपी ढसाढसा रडायला लागला. पिंजऱ्यातून बाहेर पडताना तो परत आलेल्या शिपायाच्या गळ्यात पडला.

"पडदा," कुजबुज पुटपुटला. "पडदा, पडदा." कारण त्याला पुढचं माहीत होतं. डॉक्टरच्या नाटकात पेशंट घरी गेल्यावर खोलीत नर्स उरते.

पडदा कुठेतरी अडला होता. मामा वकीलबाईंकडे वळले. त्यांच्या आवाजात एकदम हळवेपणा आला. "इतकी वर्षं माझ्यासमोर उभ्या राहताय तुम्ही. आता तरी हो म्हणाल?"

वकीलबाईंनी विंगेकडे बघितलं. त्या नजरेत प्रश्न नव्हता, सरळ धमकी होती. होकार द्यावा तर न्यायव्यवस्था कोसळते, नकार द्यावा तर मामांचा पुढचा संवाद डॉक्टर विष पितो त्याचा. घाईघाईत कुजबुजनं कोर्टातली माणसं अडचणीत आल्यावर जे करतात तेच पुरवलं.

"मुदत मागा."

वकीलबाईंनी फाइल छातीशी धरली. "पुढची तारीख द्यावी, मायलॉर्ड."

हशा असा उसळला की त्या धक्क्यानंच बहुधा पडदा सुटला आणि खाली आला.

रंगपटात मामा टोप काढून खुर्चीत बसले होते आणि प्रसन्न दिसत होते. मालक आत आले, मागोमाग मिशी.

"संहितेतलं एक वाक्य नव्हतं," मालक म्हणाले.

"टाळ्या होत्या," आरोपी नाक पुसत म्हणाला.

"माझं भाषण नव्हतं," वकीलबाई म्हणाल्या, पण हे त्या कुजबुजला म्हणाल्या.

मालकांनी मामांकडे बघितलं, मग मिशीकडे, मग जमिनीकडे. "पुढच्या प्रयोगाचं..." ते थांबले. "बघू."

सगळ्या भाषेत या एका शब्दाइतकं बिनकामाचं काही नाही, हे कुजबुजला माहीत होतं. बघू म्हणणारा स्वतः काहीच करत नाही, समोरचा काय करतो याची वाट बघतो. मामांनी आता 'माझं काही चुकलं का' विचारलं, तर हीच नोटीस ठरणार होती. नुसते गप्प राहिले तरी ठरणार होती. त्याला मामांच्या कानात एकच गोष्ट सांगायची होती, पण मालक दोघांच्या मध्ये उभे होते.

मामा उठले. त्यांनी मालकांचा हात दोन्ही हातांत घेतला.

"तुमचे उपकार कसे फेडू, मालक."

"अहो, मी फक्त बघू म्हटलं."

"एवढं कोण म्हणतं हल्ली," मामा गहिवरून म्हणाले. त्यांचे डोळे भरून आले होते. आभारांनी 'बघू'चा होकार झाला होता. यातलं कळून किती आणि न कळून किती, हे कुजबुजला पुढेही कधी उमगलं नाही.

"अभिनंदन, मामा," वकीलबाई लगेच म्हणाल्या. आरोपीनं आणि साक्षीदारानंही अभिनंदन केलं. मिशीवाला नट घरंदाज होता. चारचौघांत अभिनंदन चाललंय आणि आपण मागे राहिलो, हे त्याला बरं वाटेना. त्यानं मामांना लवून नमस्कार केला. "अभिनंदन. फार शिकायला मिळालं."

"अरे, पण तुला मी..." मालक म्हणाले.

"काही हरकत नाही, मालक," मिशीवाला उदारपणे म्हणाला. "मनावर घेऊ नका."

मालकांनी माफी मागितली नव्हती. पण आता ती मागून झाली होती, मिळूनही झाली होती, आणि मिशी दाराबाहेर गेली होती. मालक रिकाम्या दाराकडे बघत राहिले, कुणीतरी आपल्या सहीनं काहीतरी विकून टाकल्यासारखे. मग त्यांनी उरलासुरला अधिकार गोळा केला.

"उद्या वेळेवर या," ते मामांना म्हणाले आणि निघून गेले.

सगळे पांगले. कुजबुज मामांच्या चेहऱ्यावरचा रंग पुसायला बसला.

"उद्या कुठलं आहे रे?" मामांनी विचारलं.

"न्यायाधीश, मामा."

"बरं." मामांनी डोळे मिटून गाल पुढे केला. "आणि डॉक्टर?"

"तोही उद्याच."