बाटलीखात्यातली शेंग

साल दोन हजार सोळा. बिअरच्या कारखान्याची जुनी चिमणी सुरुंग लावून पाडली, ते वर्ष. ती पडताना बघायची म्हणून माझी जुनी मैत्रीण भोंगा आणि मी त्या शहरात परत गेलो होतो. सकाळी आमच्यातल्या तिसरीच्या, शेंगेच्या दारात उभ्या राहिलो, तर दार तिनेच उघडलं. खालचा ओठ फाटलेला, त्यावर काळी पडलेली खपली, आणि तरी तोंडभर हसू.

"आलात बायांनो! हसवू नका हं, ओठ ताणतो."

"कशाने लागलं?" भोंग्याने विचारलं.

"कपाटाचं दार."

"ते कपाट आत पेपर वाचत बसलंय का?" भोंगा मान आत घालून ओरडली.

आतून पेपरची घडी केल्याचा आवाज आला.

आम्ही तिघी अठराव्या वर्षी बाटलीखात्यात एकाच दिवशी लागलो होतो. ती चवळीच्या शेंगेसारखी म्हणून शेंग. दुसरीचा आवाज कारखान्याच्या भोंग्यालाही झाकायचा म्हणून भोंगा. मला जेवणाच्या सुट्टीत वर्तमानपत्र मोठ्याने वाचून दाखवायची खोड, म्हणून मी पेपरवाली. सकाळच्या पाळीला हातात हात गुंफून रस्ता अडवत निघायचो. भिजलेल्या जवाचा वास अंगाला असा चिकटायचा की घरी मांजरसुद्धा हुंगून जायचं. काय दिवस होते! पुढे भोंग्याचं लग्न होऊन ती दुसरीकडे गेली, मी धाकट्या भावाकडे गेले, आणि शेंगेने आमच्याच खात्याच्या फोरमनशी लग्न केलं. तेव्हा सगळ्याजणींना तिचा हेवा वाटला होता.

तो फोरमन आता बाहेर आला. सत्तरी ओलांडलेली, पण दारात उभा राहिला की अजून दार भरून जायचं.

"कुठे निघाली वरात?"

"भाचीकडे," शेंग म्हणाली. "शहरात नव्या बिअरच्या जागा निघाल्यात ना, त्या दाखवणार आहे ती आम्हाला."

"पोरीटोरी बिअर शिकवणार आता! आम्ही काय जन्मभर ताक घुसळलं?" तो हसला. मग हसू तसंच ठेवून म्हणाला, "दिवे लागायच्या आत घरी. कपाटाला दुसरं पण दार आहे."

शेंगेने मान डोलावली, आतून एक पिशवी घेतली आणि आम्ही जिना उतरलो. खालच्या वळणावर ती थांबली. वर कोणी नाही हे पाहून भरभर बोलली.

"भाचीने स्वतःचा छोटा कारखाना काढलाय. म्हणते, मावशी, वरची खोली रिकामी आहे. इथे राहा आणि माझ्या बाटल्या बघ. आज उत्तर द्यायचंय."

"मग?"

"मग काय! इतक्या वर्षांचं बिऱ्हाड असं पिशवीत मावतं होय?"

भोंग्याने पिशवीकडे पाहिलं. "बरीच फुगलीय पण."

"दोन कपडे आणि गोळ्या आहेत," शेंग म्हणाली. "सहज घेतलेत."

भाची कोपऱ्यावर वाट बघत होती. तिशीची, केस बारीक कापलेले, कोपरापर्यंत बाह्या सारलेल्या. आधी तिने आम्हाला एका जुन्या बसदुरुस्तीच्या शेडमध्ये नेलं. तिथे गाड्यांखाली शिरायचे खड्डे काचेने झाकून त्यांवर टेबलं मांडली होती. एका लाकडी फळीला चार भोकं आणि त्यांत चार इवले ग्लास आले.

"हे काय, डोळे धुवायचे पेले?" भोंगा म्हणाली.

"चव बघायची असते मावशी. ही गव्हाची, ही कडू, ही काळी, ही बोरांची आंबट."

"बिअर आंबली की आम्ही गटारात ओतायचो. तुम्ही तिचे जास्त पैसे घेता? धन्य आहे!"

काळी मला आवडली. करपलेल्या पावाच्या कडेसारखी लागत होती. शेंग मात्र पिण्याआधी प्रत्येक ग्लास उजेडात धरून बघत होती. जन्मभर बाटल्या उजेडात धरल्या, त्यात काचेचा कण, माशी, तडा शोधला. हात विसरत नाहीत. शेजारच्या टेबलावर कोणीतरी खुर्ची सरकवली तेव्हा तिने ग्लास खाली ठेवून दोन्ही हात डोक्यावर घेतले आणि लगेच केस नीट करत असल्यासारखं केलं. भाचीने माझ्याकडे पाहिलं. मी फळीकडे पाहिलं.

दुपारी नदीकाठच्या दुसऱ्या एका जागेच्या गच्चीवर उभ्या राहून आम्ही चिमणी पाहिली. आधी बुडाशी धुराचा पट्टा उठला, आवाज नंतर आला, छातीवर बुक्की बसावी तसा. चिमणी क्षणभर तशीच उभी राहिली आणि मग गुडघे मोडलेल्या माणसासारखी खाली बसली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. आमच्यापैकी कोणीच वाजवल्या नाहीत. आम्ही तिघींनी पाठ फिरवून, कोपर डोळ्यांवर आडवं धरून खाली बसकण मारली होती.

"आहे!" भोंगा ओरडली.

"आहे," मी म्हटलं.

"आहे," शेंग म्हणाली.

मग तिघीही हसत सुटलो. शेंगेचा ओठ पुन्हा फुटला.

"हे काय होतं?" भाची चकित झाली.

मी तिला सांगितलं. भरलेल्या बाटल्या गरम पाण्याच्या बोगद्यातून जायच्या. पातळ काच असली की तिथे ती फुटायची, आणि एक फुटली की शेजारच्या चारपाच फुटायच्या. पट्टा थांबवायची परवानगी नव्हती. फोरमन काचेच्या केबिनमध्ये बसायचा, आम्ही बाहेर. म्हणून बायकांनीच रीत पाडली होती. धमाका झाला की पाठ, कोपर, आणि मग रांगेतल्या पहिलीपासून एकेकीने ओरडायचं, आहे. जिचं 'आहे' आलं नाही तिच्याकडे धावायचं. एकदा भोंग्याच्या शेजारच्या नव्या मुलीचं आलं नव्हतं. ती उभीच होती, एका हाताने पट्ट्याला धरून. दुसऱ्या हाताच्या बोटांतून तिचा डोळा खाली येत होता. फोरमनने केबिनचं दार उघडून विचारलं होतं, "पट्टा का थांबला?"

"आणि तुम्ही काय केलंत?" भाचीने विचारलं.

"भोंग्याने त्याच्या अंगावर क्रेट फेकला. एका आठवड्याची बिनपगारी," शेंग म्हणाली. मग रुमालाने ओठ टिपत म्हणाली, "माझं तेव्हा लग्न ठरलेलं होतं त्याच्याशी."

भाचीची जागा म्हणजे एक लांबट खोली. एका बाजूला स्टीलच्या टाक्या, मधे चार टेबलं, मागे भिंतीला लागून जिना. एका कोपऱ्यात थंड पाण्याचा मोठा टब होता. त्यात बाटल्यांचा एक क्रेट बुडवून वर जाड घोंगडं टाकलेलं.

"त्याच्याजवळ जाऊ नका," भाची म्हणाली. "बोरांची बिअर आहे. मी घाईत लवकर भरली. आत यीस्ट जिवंत आहे, फळाची साखर खातंय आणि आत गॅस वाढतोय. थंड झाली की जाळीचे हातमोजे घालून एकेक टोपण सैल करायचंय."

"आमची बोगद्यातून बाहेर आली की गरीब गाय असायची," भोंगा म्हणाली. "कशीही आपटा."

शेंग पिशवी घेऊन जिना चढून वर गेली. बऱ्याच वेळाने उतरली, तेव्हा हात रिकामे होते.

"खिडकी पूर्वेला आहे," ती भाचीला म्हणाली. "पडदा लागेल."

भाचीने तिला मिठी मारली. शेंगेचं उत्तर एवढंच होतं. भोंगा नाक शिंकरत बसली आणि म्हणाली की त्या कडू बिअरने सर्दी झाली.

बाहेर अजून लख्ख ऊन होतं. दार ढकलून फोरमन आत आला तेव्हा त्या उन्हात आधी तो काळाच दिसला. दुपारपासून पीत होता, हे चालीवरून कळत होतं.

"कपाट उघडलं मी," तो म्हणाला. "तुझे कपडे कुठायत?"

"वर आहेत," शेंग म्हणाली.

"चल."

"मी नाही येत. मी इथे राहणार."

त्याने तिला मारलं. हात उगारलेला मला दिसलाच नाही, फक्त तिचं डोकं टाकीवर आपटल्याचा ठण्ण आवाज ऐकू आला. कोपऱ्यातल्या टेबलावरचं जोडपं उठून बाहेर पळालं. भोंगा मधे गेली, तर त्याने तिला छातीला धरून बाजूला फेकली. ती टेबलासकट कोलमडली. मी त्याचा सदरा मागून ओढला. सदरा फाटला, तो नाही थांबला. शेंगेच्या केसांना धरून तो तिला दाराकडे ओढत होता, आणि ती आवाज न करता दोन्ही हातांनी टाकीचा पाइप धरून होती. भाचीने त्याच्या पाठीत खुर्ची घातली.

तेव्हा त्याने केस सोडले. खोलीभर नजर फिरवली, घोंगडं ओढून फेकलं आणि एक बाटली गळ्याशी धरून बाहेर काढली.

पगाराच्या संध्याकाळी कारखान्याच्या फाटकाशी मारामाऱ्या व्हायच्या. पुरुष बाटलीचं बूड कठड्यावर आपटून उडवायचे आणि फुटका गळा हातात धरून अंगावर यायचे. फोरमन त्यात उस्ताद. एकाच फटक्यात बूड जायचं. भरलेल्या बाटलीचंसुद्धा. आमच्या बाटल्या बोगद्यात उकडून मेलेल्या असायच्या ना.

"ठेवा ती," शेंग म्हणाली. "अहो, ती आपल्यातली नाही. ठेवा खाली."

"तू मला बाटली शिकवणार?"

त्याने ती टेबलाच्या कडेवर आपटली.

पाठ, कोपर. धमाका झाला. काच टाक्यांवर, छतावर, माझ्या पाठीवर पडली. बोरांचा लाल फेस भिंतीवरून ओघळत होता.

"आहे!" फरशीवरून भोंग्याचा आवाज.

"आहे," मी म्हटलं.

मधे काहीच आलं नाही.

"आहे," शेंग म्हणाली. आणि मग ओरडली, "पोरी! आहे म्हण!"

"आहे," भाची टेबलाखालून रडत म्हणाली. "आहे मावशी."

आणि मग खालून, टेबलाच्या पायाजवळून, एक बारीक आवाज आला.

"मी पण आहे गं."

फोरमन फरशीवर बसला होता. त्याच्या उजव्या मनगटातून रक्त उडत होतं, थांबून थांबून. फेसातलं लाल कुठलं आणि त्याचं कुठलं, हे कळत नव्हतं. तो आपल्या हाताकडे असा बघत होता की जणू दुसऱ्याच कोणाचा आहे.

शेंग त्याच्यापाशी गेली. त्याला उताणं पाडून त्याच्या दंडावर तिने गुडघा रोवला आणि मनगट दोन्ही मुठींत आवळून वर धरलं. बाटलीखात्यातल्या प्रत्येक बाईला हे यायचं. भाची फोनवर पत्ता सांगू लागली.

भोंगा भिंतीला धरून उठली. तिच्या कपाळावरून रक्त येत होतं. ती शेंगेजवळ वाकली आणि जन्मात पहिल्यांदा हळू आवाजात बोलली.

"सोड, शेंगे. हात ढिला कर. आम्ही काही पाहिलं नाही."

फोरमनने ते ऐकलं. त्याचे ओठ पांढरे पडले होते. "सोडू नकोस," तो म्हणाला.

"गप्प पड तू," शेंग त्याला म्हणाली. आयुष्यात पहिल्यांदा ती त्याला अरे-तुरे करत होती. मग भोंग्याला म्हणाली, "पोरीच्या दुकानात माणूस मेला असं झालं, तर उद्या प्यायला कोण येईल इथे? टॉवेल आण. तो नको, तो ग्लास पुसायचाय. फरशीचा आण."

गाडी येईपर्यंत ती तशीच बसली होती. मनगट तिने सोडलं नाही, आणि त्याच्या तोंडाकडे पाहिलंही नाही. स्ट्रेचरवर घातल्यावर त्याने डाव्या हाताने तिचं बोट पकडलं. तिने दुसऱ्या हाताने ते सोडवून घेतलं.

"सोबत कोण येणार?" गाडीवाल्याने विचारलं. "घरचं कोण आहे?"

सगळ्यांनी शेंगेकडे पाहिलं. ती मोरीशी उभी राहून कोपरापर्यंत हात धूत होती.

"मी नाही," ती म्हणाली. "मला काच काढायचीय."

दार बंद झालं. तिने केरसुणी घेतली, आणि तिची ती रात्र वरच्या खोलीत गेली.

पुढे भोंगा तीन वर्षांनी गेली. कपाळावरची खूण ती येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवायची आणि दर वेळी फोरमनची उंची वाढवायची. भाचीचं दुकान चाललं. आता तिने शेजारची खोलीही घेतली आहे, आणि बोरांची बिअर ती अजून करते, पण घाई करत नाही. मी भावाच्या घरी आहे. कानांनी कमी ऐकू येतं, त्या दिवसापासूनच. शेंग गेल्या वर्षी गेली, झोपेत, पूर्वेच्या त्या खिडकीखाली.

फोरमनच्या उजव्या हाताची बोटं पुन्हा मिटली नाहीत. तो त्याच घरात एकटा राहायचा. शेजारीण डबा द्यायची, कोणी आलंगेलं तर त्याला चमच्याने भरवायचं. शेंग त्याला भेटायला कधी गेली नाही. तो तिच्या आधी गेला, त्या दुपारी मी तिच्याकडेच होते. आम्ही जेवायला बसणार होतो आणि फोन वाजला. शेजारणीचा होता. शेंगेने ऐकून घेतलं. मग विचारलं, "जेवला होता का?"

पलीकडून काहीतरी उत्तर आलं. "बरं," म्हणून तिने फोन ठेवला.

मला वाटलं, आता ही उठेल, तोंड धुवेल, निदान ताट बाजूला सारेल. तिने स्वतःला वाढून घेतलं, खुर्ची पुढे ओढली, आणि खाली मान घालून सावकाश, ताट रिकामं होईपर्यंत जेवली.