पाषाणराणीचे डोळे

खरं सांगू? त्या मृणालीचं कौतुक ऐकलं की माझ्या पोटात दुखायचं. आता लपवायचं कशाला?

पेणला दाजींच्या गणपतीच्या कारखान्यात मी एकतीस वर्षं डोळ्यांची आखणी करते. माती कोणी मळू दे, रंग कोणी मारू दे, शेवटी मूर्तीला डोळे द्यायचे ते या बायजानंच. आणि ही रोह्याची पोर तीन वर्षांपूर्वी माझ्याच पाटाशेजारी बसून कुंचला धरायला शिकली. पहिल्या दिवशी मीच सांगितलेलं, "डोळे गिरवायचे ते कौलावर. जे मुख मोडून परत मातीत घालायचं, त्याला डोळे द्यायचे नायत." मान हलवून ऐकायची. आता बघावं तर जिकडंतिकडं हिचंच नाव. गिऱ्हाईक आलं की दाजी म्हणायचे, "आमच्या मृणालीचा हात बघा." मग माझा हात काय भाजी निवडायला?

त्यात ती टीव्हीवाली माणसं आली. 'सात गडांची राणी' म्हणून मालिका हाय त्यांची. राजे, राक्षस, उडते घोडे, सगळं हाय तिच्यात. त्यांना शापानं दगड झालेली राणी हवी होती, माणसाएवढी, प्लास्टरची. दाजींनी काम सरळ मृणालीला दिलं. वर मला म्हणाले, "ही राणी गाजली तर यंदा मंडळांच्या मोठ्या मूर्तींची आखणी मृणालीच करेल. तुझी नजर पण थकली आता, बायजा."

माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. एकतीस वर्षांची माझी जागा, ती आता एका बाहुलीवर ठरणार!

पंधरा दिवसांत राणी उभी राहिली. चांगली झालेली, नाय कशाला म्हणू? पण डोळे कोरे. टेम्पो यायचा दिवस उजाडला तरी कोरेच. मी मनात म्हटलं, बघ, नाय जमलं ना? ऐन वेळेला कच खाल्ली ना बयेनं? दुपारी सगळी मागं जेवायला बसली, तेव्हा मी कुंचला उचलला. म्हटलं, बघू दे दुनियेला, आखणी म्हणजे काय ती. भुवया, पापण्या, बुबुळं, नि शेवटी बुबुळात पांढरा ठिपका. राणी माझ्याकडं बघायला लागली. मी गुपचूप हात धुतले नि डबा उघडला.

टेम्पो आला. मृणालीनं स्वतः राणीला फडक्यात गुंडाळली. तोंडाशी आल्यावर जरा थांबली, मग गाठ मारली.

तो भाग लागला रविवारी संध्याकाळी. दाजींनी कारखान्यातच टीव्ही मांडला, सगळ्यांना चहा-भजी सांगितली. शत्रूचा राजा गडात घुसला. राणीचा मुलगा तिच्या पायाशी पडून रडायला लागला, नि पडद्यावर राणीचं तोंड आलं. पडदाभर माझे डोळे!

"काय डोळे केलेस गो मृणाली!" रंगारी नितेश ओरडला. "आता बोलेल असं वाटतं."

दाजींनी तर डोळ्यांना उपरणं लावलं. माझं काळीज जळत होतं. माझे हायत रे मेल्यांनो, माझे! पण बोलणार कुठल्या तोंडानं? चोरून केलेलं काम.

तेवढ्यात त्या राजानं घण उचलला. पहिला घाव खांद्यावर, दुसरा तोंडावर. एक डोळा तुटून फरशीवर पडला, नि पांढऱ्या ठिपक्यासकट वर बघत राहिला.

"अरे फोडतात काय!" मी ताडकन उठले. हातातला चहा सांडला.

"फोडायचीच होती ती, काकी, टीव्हीवाल्यांनी मला सांगितलेलं," मृणाली हळूच म्हणाली. "म्हणून तर डोळे दिले नव्हते. तूच शिकवलंस ना."

नितेशच्या हातातलं भजं हातातच राहिलं. दाजींनी टीव्हीचा आवाज बंद केला. "मग डोळे दिले कोणी?"

मृणाली खाली बघत राहिली. माझं नाव घेतलं नाय तिनं. त्याचाच मला जास्त राग आला.

"मी दिले," मी म्हटलं. "नि तू गो? तू बघितलेस ना? फडकं होतं हातात, पुसले का नायस?"

"पुसणारच होते. पण एवढे सुंदर झालेले, काकी. हातच धजला नाय."

दाजींनी टीव्ही पुरता बंद केला. मग म्हणाले, "बायजा, यंदा मोठ्या मूर्तींना डोळे कोणी द्यायचे, तूच सांग."

सगळी माझ्याकडं बघत होती.

"हिला द्या," मी म्हटलं.

नितेशनं टाळ्या वाजवल्या, म्हणाला, काकीचं मन मोठं. कसलं मोठं नि कसलं काय! आत अजून जळतंच हाय. फक्त मला एक ठाऊक होतं, जे तिथं दुसऱ्या कोणाला ठाऊक नव्हतं. ते डोळे तिचे असते नि फडकं माझ्या हातात असतं, तर मी पुसले असते.