भिंतीवरची खोटी चिंधी

मी एक जुनी रायफल आहे. जुनी वयाने, अंगाने म्हणाल तर अजून हळदीच्या नवरीसारखी. मित्रांनो, माझा दस्ता अक्रोडाच्या लाकडाचा आहे. एका म्हाताऱ्या कारागिराने तो हाताने तासला, त्यावर बारीक जाळी कोरली आणि तेल चोळून चोळून असा उजळवला की त्यात तोंड दिसावं. गोळी आत सारायचा माझा बोल्ट तुपात बोट फिरावं तसा सरकतो. तरी मला एका आठवणीची किळस येते. अशा देखण्या वस्तूला कसली आली किळस, असं तुम्ही विचाराल. तेच तर सांगायचं आहे.

अमेरिकेतल्या मिशिगनच्या अगदी उत्तरेला, मोठ्या सरोवराकाठच्या गावात बेर्ताबाईचं दुकान आहे. तिथे खिळे, रंग, फावडी मिळतात आणि एका टोकाला रायफली. माझ्या शेजारी काळ्या प्लास्टिकच्या दस्त्याची एक स्वस्त रायफल उभी असायची. माझ्या किमतीत तशा तीन आल्या असत्या. तिचा बोल्ट ओढला की जुन्या दाराच्या कडीसारखा खडखडायचा. मी तिच्याकडे बघतही नसे.

एका ऑक्टोबरात दोन गिऱ्हाइकं एकदमच आली. एक हार्लन, हाउतालांचा जावई. दुसरी त्याची मेव्हणी साइमा. हार्लनचं गाव दक्षिणेकडे, मोठ्या पुलापलीकडे. नकाशात ते पुलाच्या खाली दिसतात, म्हणून इकडची माणसं तिकडच्यांना 'पुलाखालचे राक्षस' म्हणत चिडवतात, आणि हार्लनने ते लग्नाच्या जेवणापासून ऐकलं होतं. त्याचे सासरे आर्विद यांची जंगलात एक लाकडी खोली होती. दर नोव्हेंबरात नातेवाईक तिथे हरणाच्या शिकारीला जमत. भिंतीवर प्रत्येकाची एक खुंटी आणि खुंटीखाली कोरलेलं नाव. हार्लन कित्येक मोसम येत होता, पण त्याची रायफल अजून दाराच्या कोपऱ्यातच उभी राही. त्याला खुंटी हवी होती. त्यासाठी तो झुरत होता म्हटलं तरी चालेल.

"ती काळी घे," बेर्ताबाई त्याला म्हणाली. "आपल्या दाट झाडीत लांबचं दिसतंच कुठं? तेवढ्या अंतरावर दोघी सारख्याच लागतात. उरलेल्या पैशांत उंच रबरी बूट घे, गोळ्या घे, आणि सुटी मिळेल तेव्हा कागदावर नेम धर. मग पुढंमागं परवडली तर ही घे. ही चांगलीच आहे, मी नाही कुठं म्हणते?"

"आर्विदच्या भिंतीवर प्लास्टिक टांगू?" हार्लन म्हणाला.

"दाजी, आधी भिंत तर मिळू दे," साइमा म्हणाली. "आणि हरीण काय मरताना किंमत विचारतं?"

तिने काळी घेतली. त्याने मला घेतलं, वर तांब्याच्या महागड्या गोळ्या. गाडीत मखमली पिशवीत पडल्या पडल्या मला वाटलं, काय नशीब काढलं आपण.

घरी त्याने माझी पूजाच मांडली म्हणा ना. रोज संध्याकाळी मऊ फडक्याने पुसायचा, पाहुण्यांना दाखवायचा, कोणी हात लावला की लगेच बोटांचे ठसे पुसायचा. नेम धरायला मात्र एकदाच नेलं. चार बार काढले, खांदा दुखला, पावसाचे थेंब पडायला लागले तसा मला कोटाखाली लपवून पळत गाडीत आला. पूजा करायची आणि सेवा चुकवायची, ही भक्ती कोणत्या देवाला पोचते, मित्रांनो?

नोव्हेंबर आला. खोलीत चूल पेटली. मांस-बटाट्याचं सारण भरलेल्या मोठाल्या करंज्या आल्या. तिकडे त्यांना पेस्टी म्हणतात. आर्विद चर्चमध्ये प्रवचन करायचे, तेही सुरात, गात गात. जेवणाआधी ते डोळे मिटून उभे राहिले आणि त्यांच्या घोगऱ्या आवाजात प्रार्थना चढत गेली: देवा, तू दिलेला जीव आम्ही घेणार आहोत, तो आमच्या हातून अर्ध्यावर सुटू नये. माझ्या नळीतसुद्धा तो सूर घुमला.

त्या खोलीचे नियम दोन. ज्याचा नेम चुकेल त्याच्या शर्टाचा मागचा पदर कापायचा आणि भिंतीवर ठोकायचा. भिंत अशा चिंध्यांनी भरली होती, आर्विदची स्वतःची चिंधी सगळ्यांत वर. दुसरा नियम हसण्याचा नव्हता. हरीण जखमी होऊन पळालं, तर मारणाऱ्याने त्याच्या मागे जायचं, आणि ते सापडेपर्यंत कोणीही दुसरी शिकार करायची नाही.

पहिल्याच दिवशी दुपारी दलदलीच्या काठाला एक नर हरीण हार्लनसमोर आलं. त्याने घाईघाईत नेम धरला. बार निघाला. हरीण पाठ कमानीसारखी वाकवून उडालं आणि झाडीत शिरलं.

मी चुकले नव्हते. मला कळलं होतं. हार्लन तिथे गेला तेव्हा त्यालाही कळलं. बर्फावर केस पडले होते, काळपट रक्त होतं आणि त्यात हिरवट घाण. गोळी पोटात लागली होती. असं हरीण लगेच मरत नाही, मित्रांनो. ते रात्र रात्र तळमळतं. रक्ताची वाट सरळ दलदलीत जात होती. तिथे मांडीएवढं काळं पाणी, वर बर्फाचा पातळ पापुद्रा, आणि आकाशातून ओला बर्फ सुरू झालेला.

हार्लनने पाण्याकडे पाहिलं. मग माझ्या लाकडाकडे पाहिलं. बाहीने माझ्यावरचे थेंब पुसले. आणि मग त्याने बुटाने आजूबाजूचा बर्फ ओढून त्या रक्तावर नीट पसरला.

आजही तो बूट आठवला की माझ्या पोलादाला मळमळतं.

"नेम चुकला," तो खोलीत येऊन म्हणाला.

काय हशा पिकला म्हणून सांगू. साइमा कात्री घेऊन आली. "वळा दाजी. एवढी महागडी रायफल, शर्ट तरी बरा घालायचा." हार्लन सगळ्यांत मोठ्याने हसला. पदर कापला गेला, भिंतीवर ठोकला गेला. एवढं हसत कापून घेतोय म्हणून आर्विद खूश झाले. त्यांनी पेटीतून नवी खुंटी काढली आणि स्वतःच्या हाताने ठोकली.

"आता तू पुलाखालचा नाहीस," ते म्हणाले.

हार्लनचे डोळे भरून आले. ते अश्रू खरे होते, आणि याचीच मला जास्त शिसारी आली. मला त्या खुंटीवर टांगलं. शेजारच्या खुंटीवर साइमाची काळी, समोर ती चिंधी. रात्रभर मला त्या हिरवट घाणीचा वास येत राहिला. बाहेर ओला बर्फ पडत होता आणि दलदलीत कुठेतरी ते हरीण होतं.

सकाळी हार्लन म्हणाला, अंगात कसकस आहे. बाकी सगळे गेले. तो चुलीपाशी बसून मला पुसत राहिला, जिथे डाग नव्हता तिथेही. मध्येच दलदलीच्या बाजूने एकच बार ऐकू आला. खडखड्या बोल्टच्या त्या काळीचा आवाज मी ओळखला. हार्लनने मला घाईघाईने परत खुंटीवर टांगलं.

दुपारी सगळे जेवायला परतले. साइमा शेवटी आली, कमरेपर्यंत भिजलेली, ओठ निळे. तिने कोट काढला नाही. तिने मुठीतलं काहीतरी टेबलावर, पेस्टीच्या ताटाशेजारी ठेवलं. एक वाकडी झालेली तांब्याची गोळी. तिथे तांब्याच्या गोळ्या आणखी कोणाकडेच नव्हत्या.

"कावळे घिरट्या घालत होते म्हणून आत गेले," ती म्हणाली. "अर्धं पाण्यात पडलं होतं. मला बघून उठायला गेलं. जिवंत होतं, बाबा. मी संपवलं. मांस सगळं नासलंय. कातडीखाली ही सापडली."



"आत पाणी होतं," हार्लन म्हणाला. "रायफल भिजली असती."

"माझीपण भिजली, दाजी," साइमा म्हणाली. "पुसली."

आर्विद उठले. भिंतीपाशी जाऊन त्यांनी कालची चिंधी उपटली आणि हार्लनच्या हातात दिली. "घे. शिवून घे. आमच्या भिंतीवर चुकलेले नेम असतात. हा चुकलेला नाही." मग त्यांनी मला खुंटीवरून उतरवलं. रागाने नाही, ज्या हातांनी ते प्रार्थनेचं पुस्तक धरत त्याच हातांनी. खुंटी त्यांनी काढली नाही. रिकामीच ठेवली, नावाशिवाय. त्या दिवशी जेवण झालं, पण आर्विदचा सूर काही लागला नाही.

हार्लन पुन्हा तिकडे गेला नाही. मी त्याच्या कपाटात मखमलीत वर्षानुवर्षं पडून राहिले, आणि मग एक दिवस परत बेर्ताबाईच्या दुकानात, वापरलेल्या रायफलींच्या रांगेत आले. ती काळी मात्र अजून दर नोव्हेंबरात जंगलात जाते, असं ऐकते. तिचा दस्ता पार खरवडून गेला आहे म्हणे.

आता गिऱ्हाइकं येतात. माझ्यावर बोटं फिरवतात, तोंडातून चुकचुक करतात. "घ्यावी का हो ही? का ती स्वस्तातली?" बेर्ताबाई आता म्हातारी झाली आहे. ती किंमत सांगत नाही. ती एवढंच विचारते, "हिला घेऊन कमरेएवढ्या चिखलात उतरशील?" माणसं माझ्या लाकडाकडे बघतात आणि मला परत रांगेत ठेवतात.

मित्रांनो, वस्तू जपा, पण जिवापेक्षा जास्त जपू नका. महाग घ्या, स्वस्त घ्या, जी घ्याल तिला तिच्या कामाला नेण्याची हिंमत असू द्या, आणि आपल्या हातून काही दुखावलं तर त्याच्या मागे जा. मला आता कौतुक नको. इतकी वर्षं झाली, पण माझ्या अक्रोडावर अजून एकही ओरखडा नाही. मला त्याचीच लाज वाटते.